पंचम चढतो तेव्हा

क्लॅरिनेट शिकणाऱ्या मुलाला ‘तुझा सूर लागत नाही’ असं म्हणण्याआधी मोठ्या माणसानं त्याच्या हातातलं वाद्य एकदा स्वतः वाजवून पाहावं, असं मला अगदी कळकळीनं वाटतं. शाळेच्या बँडमध्ये किंवा क्लासमध्ये मुलांना मिळणारी क्लॅरिनेटं बहुतेक काळ्या प्लॅस्टिकची असतात. प्लॅस्टिकबद्दल माझी तक्रार नाही; मुंबईच्या पावसाळ्यात ते लाकडापेक्षा बरंच सुखाचं. पण खोक्यातून निघालेलं वाद्य आणि सुरात आणलेलं वाद्य यांच्यात बरंच काम शिल्लक असतं. ते काम कुणी केलं नाही, तर त्याचा भार मुलाच्या कानावर पडतो. रोज चढाच पंचम कानावर पडत राहिला, तर काही महिन्यांत मुलाला तोच खरा वाटायला लागतो.

‘अजून शिकतोय, आत्ता चालेल’ हे म्हणूनच मला पटत नाही. मुरलेला वादक ओठांनी, जिभेनं, श्वासानं वाद्याची खोट सावरून घेतो. शिकणाऱ्याकडे सावरायला अजून काही आलेलंच नसतं. चांगलं लावलेलं वाद्य खरं तर त्याच्या हातात आधी हवं.

माझा भाचा दादरच्या एका शाळेत सातवीत आहे. बँडमध्ये त्याला क्लॅरिनेट मिळालं, आणि माझे वडील गिरगावातल्या एका बँडमध्ये हेच वाद्य वाजवायचे, मीही त्यांच्याकडेच शिकले, म्हणून ते प्रकरण माझ्याकडे आलं. “मावशी, प आला की सर माझ्याकडेच बघतात,” एवढंच त्यानं सांगितलं. बाकी स्वरांबद्दल कुणाची तक्रार नव्हती. सगळे स्वर ठीक आणि नेमका पंचमच वर, हे ऐकल्यावर मी मुलाकडे पाहण्याआधी वाद्याकडे पाहिलं.

शाळेची प्रार्थना पेटीवर पांढरी एकमध्ये, म्हणजे पाश्चात्त्य ‘सी’ला सा धरून, चालते. नेहमीचं क्लॅरिनेट काळी पाचचं असतं, म्हणजे त्यावर ‘सी’ वाजवला की पेटीवरची काळी पाच ऐकू येते. त्यामुळे पांढरी एकशी जुळायला क्लॅरिनेटवर सा ‘डी’पासून धरावा लागतो. सा, रे, ग आरामात निघतात. एकेक बोट उठत जातं. मध्यमाला सगळी बोटं उठलेली असतात, त्याला वादक उघडा जी म्हणतात. पंचमासाठी डाव्या तर्जनीनं वरची एक कळ उघडायची. आणि धैवत आला की एकदम सगळी भोकं बंद करून अंगठ्याची कळ दाबायची. हवेत असलेली बोटं एका क्षणात भोकांवर आणायची! नवशिक्याला सगळ्यात कठीण जाणारी जागा हीच.

आता गंमत अशी की मध्यम आणि पंचम, प्रार्थनेत जिथे येऊन ठेहराव घ्यायचा तेच दोन स्वर, या वाद्याच्या सगळ्यात पातळ पट्ट्यात येतात. जी, त्याच्या वरचा ए आणि कोमल बी यांना थ्रोट नोट्स म्हणतात. नळीचा फार थोडा भाग त्यांच्या वाट्याला येतो. आवाज हलका, काहीसा श्वासाळ, आणि स्वस्त वाद्यावर जवळजवळ नेहमी चढा. उलट अगदी खालचे ई आणि एफ बहुधा उतरलेले. मुलांची बहुतेक गाणी पांढरी एक किंवा काळी पाचमध्ये बसवलेली असतात. काळी पाच धरली तर उघडा जी पंचम होतो आणि ए धैवत. कुठूनही या, पंचम त्या पट्ट्यात सापडतोच. पांढरी चारमध्ये सा धरला तर मात्र अख्खं सप्तक खालच्या भरीव भागात बसतं आणि फक्त तार षड्ज उघड्या जीवर येतो. मुलाचा कान तयार करायचा असेल तर घरचा रियाज पांढरी चारमध्ये ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. पण शाळेची प्रार्थना काही एका क्लॅरिनेटसाठी सूर बदलणार नाही.

हे असं का होतं ते भाच्याला सांगताना मी तंबोरा लावला. बासरी जोरात फुंकली की तोच स्वर सप्तकभर वर जातो. सनईचंही तसंच. क्लॅरिनेट मात्र सप्तक ओलांडून पुढे जातं: खाली सा असेल तर वर तार सप्तकातला पंचम निघतो. नळी सरळ, जवळपास सारख्या व्यासाची, आणि रीडकडचं, म्हणजे माउथपीसवर थरथरणाऱ्या पातीकडचं, तोंड बंद असल्यासारखं वागणारं. अशा नळीत मूळ कंपनांच्या तिप्पट, पाचपट अशीच कंपनं नीट उभी राहतात. तिप्पट म्हणजे तो वरचा पंचम, पाचपट म्हणजे त्याच्याही वरच्या सप्तकातला गंधार. तंबोऱ्याच्या खर्जाला कान लावला की जो पंचम आणि जो स्वयंभू गंधार आपोआप उमटतो, तेच हे दोघे. भाच्यानं तारेजवळ कान नेला, मग क्लॅरिनेट घेऊन खालचा स्वर धरला आणि अंगठ्याची कळ दाबली. पंचम निघाला. त्यानं तीनदा करून पाहिलं आणि प्रत्येक वेळी तंबोऱ्याकडे बघितलं. हे नातं ज्याच्या कानात एकदा बसलं त्याला या वाद्याची अर्धी समजूत आली, असं मी मानते.

ती अंगठ्याची कळ म्हणजे रजिस्टर की. न्यूरेंबर्गच्या डेनर या वाद्यकारानं १७०० च्या सुमारास जुन्या शालुमो या वाद्यावरून क्लॅरिनेट घडवलं. वरचा पट्टा खुला झाला तो या कळीनं. तिचं भोक खरं तर प्रत्येक स्वरासाठी वेगळ्या जागी हवं, वाजणाऱ्या नळीच्या साधारण एक तृतीयांशावर. नळीवर भोक मात्र एकच, आणि त्यावर कोमल बी काढायचं कामही त्याच भोकाचं. चाळीतल्या सामाईक नळासारखी त्याची गत आहे: सगळ्यांची सोय होते, पुरेसं कुणालाच मिळत नाही. म्हणून खालचा स्वर आणि त्याच्या वरचा पंचम यांतलं अंतर सगळीकडे सारखं राहत नाही. १८४० च्या आसपास पॅरिसमध्ये वादक क्लोझे आणि वाद्यकार ब्युफे यांनी कळांची जी नवी रचना बसवली, तीच आज शाळेच्या क्लॅरिनेटवर असते. बोटं तिनं खूप सुटसुटीत केली, पण हा तिढा कायम राहिला. एक भोक मोठं केलं की त्याच्या वाट्याचे दोन्ही स्वर हलतात, खालचाही आणि वरचाही. महागड्या वाद्यांत कारागीर भोकाची आतली कड नेमकी कोरून हा हिशेब जुळवत आणतात. पैसे जातात ते बरेचसे या हातकामाचे.

तर, पंचम. आधी मी स्वतः वाजवला: ट्यूनरवर, म्हणजे सूर मोजणाऱ्या यंत्रावर, अठरा सेंट चढा. पेटीवरच्या लगतच्या दोन काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांमधल्या अंतराचे, म्हणजे सेमीटोनचे, शंभर भाग केले तर त्यातले अठरा. भाच्यानं वाजवला तेव्हा तीस. म्हणजे अठराला वाद्य जबाबदार होतं आणि वरचे बारा त्याच्या ओठांचे होते. ही विभागणी सगळ्यात आधी करावी. नाहीतर मुलाचं दुखणं वाद्यावर आणि वाद्याचं मुलावर ढकललं जातं. ओठांची तपासणी सोपी आहे. माउथपीस आणि त्याच्या लगतचं बॅरल एवढेच दोन तुकडे जोडून फुंकायचे. पेटीवरच्या काळी तीनच्या आसपास स्वर आला पाहिजे. त्याचा बराच वर येत होता. तो चावत होता. आणि चावत होता कारण त्याला दिलेलं रीड त्याच्या वयाला जड होतं, दाबल्याशिवाय बोलायचंच नाही. दोन नंबरचं हलकं रीड दिलं, खालचा ओठ गादीसारखा न ठेवता हलका ताणायला सांगितलं, आणि आठवड्याभरात ते बारा जवळपास विरघळले. एक गोष्ट त्याला मुद्दाम दाखवली: बासरी जोरात फुंकली की स्वर चढतो, क्लॅरिनेट जोरात फुंकलं की उतरतो आणि हळू वाजवताना चढतो. प्रार्थनेची शेवटची ओळ सगळे हळू घेतात. तिथे बासरीवाली मैत्रीण खाली आणि हा वर, हे दोघांनाही कोडं होतं.

उरले वाद्याचे अठरा.

त्यासाठी आम्ही ग्रँट रोडच्या बाजूला बँडची वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे गेलो. त्यांच्या टेबलावर ट्यूनर नव्हताच. त्यांनी खालचा जोड हातात घेतला, सगळी भोकं बोटांनी झाकली, एक तोंड तळव्यानं बंद केलं आणि दुसरीकडून हवा ओढून धरली. ओढ टिकली नाही. मग सिगारेटच्या कागदाची बारीक पट्टी प्रत्येक पॅडखाली ठेवून कळ मिटायची आणि पट्टी ओढायची. जिथून ती सहज निसटेल तिथे पॅड नीट बसत नाही. “ताई, गळकं वाद्य सुरात लावायचं नसतं. आधी गळती, मग सूर,” ते म्हणाले. मुंबईच्या हवेत ही गळती कुणाला चुकत नाही. पॅडच्या आतली नमदा पावसाळ्यात ओल धरते, जोडांवरचा कॉर्क फुगतो, सुईसारख्या पोलादी स्प्रिंगांना समुद्राची हवा गंज चढवते आणि कळ पुरती मिटत नाही. मुलं मग ती खोट जोर लावून भरून काढतात, आणि त्या जोराची सवय होते. गळती काढल्यावर खालचे स्वर न दाबता बोलायला लागले. भाच्याच्या चेहऱ्यावरचा ताण त्या दुकानातच उतरला.

त्यानंतर सूर. इथे बहुतेक घरी जे करतात ते म्हणजे बॅरल ओढणं. माउथपीस आणि वरचा जोड यांच्यामधला हा छोटा तुकडा साधारण ६५-६६ मिलिमीटरचा असतो. तो थोडा बाहेर ओढला की नळी लांब होते आणि स्वर उतरतात. पण सगळे सारखे उतरत नाहीत. उघड्या जीसाठी वाजणारी नळी सुमारे २५ सेंटिमीटरची, अगदी खालच्या ईसाठी ५९ सेंटिमीटरची. तोच एक मिलिमीटर लहान नळीत मोठा ठरतो: जी सात सेंटनी उतरतो, ए जवळजवळ आठनी, तर खालचा ई आणि त्याच लांबीच्या नळीतून निघणारे वरचे लांब स्वर जेमतेम तीननी. थ्रोटच्या चढ्या स्वरांना हे सोयीचं वाटतं, पण बॅरल दोन-अडीच मिलिमीटर ओढून पंचम खाली आणला तर आधीच उतरलेला खालचा एफ आणखी खाली जातो. शिवाय जोडात जी फट पडते तिथे नळी अचानक रुंद होते. म्हणून जास्त ओढायचं असेल तर फटीत त्या मापाची कडी बसवतात.

काकांनी आधी कळीकडे पाहिलं. पंचमाची ती वरची कळ गरजेपेक्षा जास्त उघडत होती. कळ किती उघडावी हे तिच्याखालचा कॉर्कचा तुकडा ठरवतो. तो थोडा जाड केला, पॅड भोकाच्या जरा जवळ आलं, आणि पंचम सहा सेंट उतरला. आणखी जवळ आणलं तर आवाज घुसमटला असता, म्हणून ते तिथेच थांबले. मग त्यांनी ते पॅड उचलून धरलं आणि भोकाच्या माउथपीसकडच्या कडेला टेपची बारीक चकती चिकटवली. आणखी पाच. बाकीसाठी बॅरल एक मिलिमीटर ओढलं. पंचम सुरात आला.

या भोकाबद्दल मला फार आनंद झाला तो एका कारणानं. एक भोक म्हणजे दोन स्वर, हा तिढा मी वर सांगितला. थ्रोटच्या कळांची भोकं मात्र वरच्या पट्ट्यात बंदच राहतात. पंचमाचं भोक हलवलं तर वरचा कुठलाच लांब स्वर हलत नाही. फार तर कोमल बीला थोडा फरक पडतो, आणि तोही चढाच असतो. म्हणजे विद्यार्थ्याच्या वाद्यावरची जी खोट सगळ्यात जास्त ऐकू येते, तीच दुसऱ्या कुणाचं नुकसान न करता दुरुस्त होऊ शकते. टेप आणि कॉर्क काढूनही टाकता येतात. कानस चालवली की परत फिरता येत नाही, म्हणून शाळेच्या वाद्यावर कानस चालवूच नये.

बोटांचीही एक युक्ती आहे. पंचम वाजवताना उजव्या हाताची तीन बोटं खालच्या भोकांवर टेकवून ठेवायची. स्वर आणखी किंचित उतरतो, आवाजाला अंग येतं, आणि पुढच्या धैवतासाठी उजवा हात आधीच जागेवर असतो. वडील ही बोटं न शिकवताच लावायचे. त्यांच्याकडे बघून बघून मलाही ती सवय लागली, आणि तिचं कारण मला खूप नंतर समजलं.

हे सगळं करताना आपण कशाशी जुळवतोय, हेही ठरवावं लागतं. ट्यूनरचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो, तंबोऱ्यात उमटणारा ३८६ वर. चौदा सेंटचा हा फरक आपल्या कानाला चांगला कळतो. घरात तंबोरा ऐकून वाढलेल्या मुलाला ट्यूनरचा हिरवा दिवा लागलेला गंधार चढा वाटला, तर त्याचा कान चुकत नाही. वाद्य पेटीशी आणि कीबोर्डशी जुळवून ठेवावं, कारण बँडमध्ये ते त्यांच्याबरोबर वाजणार. गंधाराचे चौदा सेंट मात्र ओठांसाठी राखून ठेवावेत. शिकण्याच्या चौथ्या-पाचव्या वर्षी मूल ते आपसूक घ्यायला लागतं.

मग मुंबईचा उकाडा. हवा २० अंशांवरून ३२ वर गेली की ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटरवरून ३५० मीटरच्या जवळ जातो. नळीतली सगळी हवा तितकीच तापली असं धरलं तर स्वर सुमारे ३५ सेंटनी चढेल. श्वासानं नळी एरवीही उबदार असते, म्हणून प्रत्यक्षात फरक याहून कमी पडतो, पण पडतो. पेटीची पितळी रीडं उष्णतेनं उलट किंचित उतरतात. पंख्याखालच्या वर्गात जुळवलेला बँड एसी सभागृहात गेला की क्लॅरिनेटं खाली आणि पेटी जागेवर. कार्यक्रमाच्या दिवशी मुलांना मंचावरच्याच हवेत काही मिनिटं वाजवू द्यावं. भाषणं लांबली तर वाद्यं मांडीवर गार पडू न देता मधूनमधून त्यांत नुसता श्वास सोडायला सांगावं.

चोर बाजारात जुनं लाकडी क्लॅरिनेट स्वस्तात मिळतं म्हणून काही पालक विचारतात. त्यांना एवढंच सांगते की नळीवर एच. पी. (हाय पिच, म्हणजे चढा सूर) अशी अक्षरं कोरलेली आहेत का ते पाहा. ब्रिटिश लष्करी बँड विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांपर्यंत ए ४५२.५ कंपनांना लावत, आज तो ४४० ला असतो. हा फरक जवळजवळ अर्ध्या सेमीटोनचा. असं वाद्य बॅरल ओढून शाळेच्या पेटीशी जुळत नाही, कारण थ्रोटचे स्वर खाली कोसळतात आणि लांब स्वर वरच राहतात. शोकेसमध्ये ते फार सुंदर दिसेल, मुलाच्या हातात देऊ नये.

भाच्याच्या वाद्यावर एक गोष्ट तशीच राहिली आहे. खालचा एफ अजून अकरा सेंट उतरलेला आहे. काकांना मी विचारलं. त्यांनी खालच्या जोडावरचं भोक दाखवलं आणि वरचा सी वाजवायला सांगितला. तो एका सेंटाच्या आत सुरात होता. तेच भोक दोघांचं. एफ वर आणायचा तर सी चढणार, आणि काळी पाचला जुळणारा तो सी म्हणजे बँडचा सूर मिळवायचा स्वर. आम्ही एफला हात लावला नाही. सध्याच्या गाण्यांत तो अगदी क्वचित येतो.

बँडच्या सरांना भेटून एक विनंती केली. क्लॅरिनेटचा सूर फक्त त्या सीवर घेऊ नका, उघडा जीही ऐका. सी बॅरलनं बसवला तरी जी कुठे गेला ते कळत नाही. जी चढा असेल तर बॅरल, जी बरोबर आणि लांब स्वर चढे असतील तर मधला जोड किंचित ओढायचा. सरांनी लगेच पाटीवर लिहून घेतलं. त्यांच्याकडे याच बनावटीची आणखी पाच क्लॅरिनेटं आहेत. पुढच्या शनिवारी ती सगळी ग्रँट रोडला न्यायची आहेत, सिगारेटचे कागद मी आणेन म्हटलंय.